कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे पदाधिकारी, १७८४ ते १९४७ : तक्ता तयार करतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाची हद्द ठरली. संस्था एकच, आशियाचा अभ्यास करणारी कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी. काळ १७८४ ते १९४७. पदे चार: संरक्षक, अध्यक्ष, कार्यवाह आणि वस्तुसंग्रहाचा क्युरेटर. उपाध्यक्ष सध्या बाजूला ठेवले आहेत. ते एका वेळी अनेक असतात आणि त्यांच्या मुदती मिसळल्या की तक्ता नुसता फुगतो.

मराठी वाचकाला 'एशियाटिक' म्हटले की मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्या आठवतात. ती संस्था वेगळी. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळला गव्हर्नरांच्या निवासस्थानी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' काढली आणि पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. कलकत्त्याची संस्था मुंबईच्या संस्थेपेक्षा वीस वर्षांनी मोठी. लंडनची तर १८२३ ची, म्हणजे तिच्याहून किती तरी धाकटी. त्यामुळे 'लंडनच्या सोसायटीची कलकत्ता शाखा' असे जिथे छापलेले दिसेल तो मजकूर इतर बाबतींतही जपूनच वापरायचा.

चार पदे कशाला, एक का नाही? बहुतेक ठिकाणी अध्यक्षांचीच यादी मिळते. संस्था कोणाच्या वजनावर उभी होती एवढे तिच्यातून कळते. अंक कोणी काढले, नाणी कोणी वाचली, पक्ष्यांची कातडी कोणी जतन केली, यातले काहीच कळत नाही. ती माणसे कार्यवाह आणि क्युरेटर यांच्या रकान्यांत सापडतात.

८ जानेवारी

तक्त्याचे रकाने: संस्था, पद, व्यक्ती-क्रमांक, नाव मराठीत, त्या काळात चालणारी पदवी, निवडीची तारीख, कामाला सुरुवात, शेवट, शेवटाचे कारण, मूळ नोकरी, पुरावा, खात्री.

निवड आणि सुरुवात हे दोन रकाने वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे, शेवट आणि त्याचे कारणही तसेच. कारणाचे चारच पर्याय ठेवले: मृत्यू, मायदेशी परत, राजीनामा, मुदत संपली. पहिल्या पन्नास वर्षांत 'मायदेशी परत' हेच कारण सर्वांत जास्त दिसते. माणूस जहाजावर चढला की पद मोकळे, पण नवी निवड पुढच्या सभेत. दोन्ही तारखा एकाच रकान्यात कोंबल्या की एकाच वर्षात दोन अध्यक्ष दिसू लागतात.

'खात्री' रकान्यात तीन पायऱ्या: इतिवृत्तात दिवसासह नोंद, छापील वार्षिक यादीत फक्त वर्ष, नंतरच्या लेखनातला उल्लेख. तिसऱ्या पायरीवरची तारीख पहिल्या दोन पायऱ्यांवरची तारीख कधीही खोडू शकत नाही.

११ जानेवारी

पहिल्याच ओळीत तीन नावांची गर्दी. १५ जानेवारी १७८४ रोजी कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातल्या ग्रँड ज्युरीच्या दालनात तीस युरोपीय जमले. सभेचे अध्यक्षस्थान सर रॉबर्ट चेंबर्स यांच्याकडे होते. कल्पना आणि भाषण सर विल्यम जोन्स यांचे. संस्थेचे अध्यक्षपद मात्र देऊ केले गेले ते गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांना. हेस्टिंग्ज यांनी ३० जानेवारीच्या पत्राने नकार कळवला आणि जोन्स यांचे नाव सुचवले. ५ फेब्रुवारीला जोन्स अध्यक्ष झाले. गव्हर्नर जनरल आणि त्यांचे कौन्सिल संरक्षक राहिले.

नोंद करण्याची पद्धत अशी: चेंबर्स एका सभेचे सभापती, त्यांना त्या दिवसाची अध्यक्षपदाची ओळ नाही. (जोन्स यांच्या पुढचे अध्यक्ष शोर यांच्यानंतर ते खरोखरीच अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना स्वतंत्र ओळ मिळते. दोन्ही गोष्टी एकत्र करून त्यांना 'पहिले अध्यक्ष' करणारे उल्लेख इथूनच जन्मतात.) हेस्टिंग्ज संरक्षकांच्या रकान्यात. १५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी अध्यक्षपद रिकामे.

रिकामी जागा रिकामीच ठेवायची. 'पुढच्याची सुरुवात म्हणजे मागच्याचा शेवट' असे सूत्र तक्त्यात एकदा टाकले की ते आपोआप खोट्या तारखा तयार करते. जोन्स २७ एप्रिल १७९४ रोजी वारले; सर जॉन शोर यांची निवड २२ मे रोजी झाली. मधले २५ दिवस संस्थेला अध्यक्ष नव्हता, आणि तक्त्यानेही तेच दाखवले पाहिजे.

१२ जानेवारी

पुराव्याची साखळी. सुरुवातीच्या काळासाठी हस्तलिखित इतिवृत्ते आणि सोसायटीच्या शोधनिबंधांचे 'एशियाटिक रिसर्चेस' हे खंड. पहिला खंड १७८८ चा, त्यात सभासदांची यादी आहे. १८३२ पासून मासिक जर्नल, सभांचे वृत्त त्यातच. १८६५ ते १९०४ इतिवृत्त स्वतंत्रपणे छापलेले. १९०५ पासून जर्नल आणि इतिवृत्त पुन्हा एका बांधणीत.

वरच्या वर्षांच्या सांध्यांवर पाने हमखास चुकतात. १८६५ चे सभावृत्त जर्नलमध्ये शोधत बसले तर हाती काही लागत नाही. १९०५ नंतरच्या अंकांत एका वर्षाला दोन पृष्ठांकमालिका असू शकतात, म्हणून पुराव्याच्या रकान्यात नुसते पान न लिहिता 'भाग, विभाग, पान' असे तिन्ही लिहायचे.

'रिसर्चेस'च्या बाबतीत आणखी एक. कलकत्त्याची मूळ छपाई आणि लंडनमध्ये परस्पर काढलेली पुनर्मुद्रणे यांची पाने जुळत नाहीत. लंडनच्या प्रतीवर 'कलकत्ता आवृत्तीबरहुकूम' असे छापलेले असते. शब्द बरहुकूम, पाने नाहीत. पॅरिसला १८०५ मध्ये फ्रेंच भाषांतर निघाले, त्याला क्युव्हिए आणि लामार्क यांच्यासारख्या निसर्गशास्त्रज्ञांच्या टिपा आहेत. आपल्या तक्त्याला त्याचा उपयोग नाही, पण या खंडांचा युरोपातला वाचक कोण होता ते त्यावरून कळते.

१५ जानेवारी

तारखांची चाळणी सापडली, आणि ती भलतीच कामाची निघाली. सुरुवातीच्या सभा गुरुवारी संध्याकाळी भरत. म्हणजे त्या काळातली सभेची कोणतीही तारीख गुरुवारी पडत नसेल तर ती संशयित.

तपासलेल्या तारखा: १५ जानेवारी १७८४ गुरुवार, ५ फेब्रुवारी १७८४ गुरुवार. जोन्स यांची वार्षिक भाषणे: २४ फेब्रुवारी १७८५, २ फेब्रुवारी १७८६ (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान उगमाबद्दलचे प्रसिद्ध विधान यातच आहे), १५ फेब्रुवारी १७८७, २१ फेब्रुवारी १७८८, १९ फेब्रुवारी १७८९, २५ फेब्रुवारी १७९०, २४ फेब्रुवारी १७९१, २३ फेब्रुवारी १७९२, २८ फेब्रुवारी १७९३, २० फेब्रुवारी १७९४. झाडून सगळे गुरुवार. शोर यांच्या निवडीचा २२ मे १७९४ हाही गुरुवारच. हेस्टिंग्ज यांच्या पत्राची ३० जानेवारी शुक्रवारी येते, पण ते पत्र आहे, सभा नव्हे. चाळणी त्याला लागू नाही.

हिशेब कसा करायचा: एक्सेलला १९०० च्या आधीच्या तारखा कळत नाहीत. तारखेच्या सूत्रात १७८४ हे वर्ष दिले तर तो निमूटपणे त्यात १९०० मिळवतो आणि ३६८४ साल धरतो. १५ जानेवारी ३६८४ शनिवारी येते, त्यामुळे बरोबर तारीखही चुकीची ठरते, आणि त्रुटीचा संदेश येत नसल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. ग्रेगरियन पंचांग दर ४०० वर्षांनी वारासकट पुन्हा तेच येते (१,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे). वर्षात ४०० मिळवून वार काढायचा: १७८४ साठी २१८४. लिब्रेऑफिसमध्ये जुन्या तारखा सरळ चालतात, तरी ४०० ची युक्ती दोन्हीकडे सारखी चालत असल्याने तीच ठेवली.

मूळ तारीख मजकूर म्हणूनच साठवायची, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. म्हणजे अक्षरक्रम आणि कालक्रम एकच येतो.

ही चाळणी सर्व काळाला लावू नये. ७ जानेवारी १८२९ ची महत्त्वाची सभा बुधवारची आहे आणि ती तारीख बरोबर आहे.

१९ जानेवारी

ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने मजकूर वाचणे. १७८८ च्या छपाईत लांब 'एस' हे अक्षर आहे, दिसायला 'एफ'सारखे. यंत्र ते 'एफ' म्हणूनच वाचते, मग 'एशियाटिक'चे 'अफियाटिक' आणि 'प्रेसिडेंट'चे 'प्रेफिडेंट' होते. सरसकट 'एफ'चा 'एस' करून चालत नाही, खरे 'एफ'ही असतात. त्यापेक्षा शोधतानाच दोन्ही रूपे शोधावीत आणि मूळ मजकुराला हात लावू नये. शब्दाच्या शेवटी लांब रूप येत नाही, त्यामुळे 'जोन्स'मधला शेवटचा 'एस' सुरक्षित राहतो. कोणाचे नाव शोधायचे असेल तर शेवटाकडून शोधणे बरे.

२१ जानेवारी

मराठी बाजूची कटकट. 'अँ' आणि 'ॲ' यांची अदलाबदल जाऊ द्या, एकटा 'ॲ' दोन प्रकारे साठवला जातो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरा 'अ' आणि वरचा चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. अध्यक्षांपैकी 'ॲन्स्ट्रदर' हे नाव त्यामुळे तक्त्यात दोन माणसे होऊन बसते. 'ऱ्य'चेही तसेच. सगळा मराठी रकाना एकदा एकाच रूपात आणायचा आणि त्यानंतरच नावांची जुळणी चालवायची. उलट क्रमाने केले तर जुळणी फसते आणि दोष मात्र स्पेलिंगला दिला जातो.

देवनागरी आकडे हिशेबाच्या रकान्यात नकोत. बहुतेक स्प्रेडशीट त्यांना मजकूर समजतात आणि बेरीज शून्य देतात. हिशेबाला इंग्रजी आकडे, छपाईच्या वेळी बदल.

२५ जानेवारी

माणसांची ओळख. हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे, पण इथे घाई केली की पुढचे सगळे बिघडते. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा. नाव आणि पदवी बदलेल, क्रमांक बदलणार नाही.

अर्ल ऑफ मोइरा आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज एकच. १८१३ ला गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरले तेव्हा मोइरा, १८१७ पासून मार्क्विस. कोलब्रुक यांच्यानंतर सोसायटीचे अध्यक्ष झाले. वॉरन हेस्टिंग्ज यांच्याशी नाते नाही, संबंधही नाही. पण नुसते 'हेस्टिंग्ज, अध्यक्ष' असे वाचून पुष्कळांनी वॉरन हेस्टिंग्ज यांना त्या खुर्चीवर बसवले आहे, जी त्यांनी लेखी नाकारली होती.

सर जॉन शोर आणि लॉर्ड टेनमथ एकच. जोन्स यांचे चरित्र टेनमथ या नावाने आहे, सोसायटीच्या नोंदी शोर या नावाने.

विल्यम जोन्स दोन, बाप आणि लेक. वडील गणिती, वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह १७०६ मध्ये त्यांनी वापरले. ग्रंथालयांच्या सूचींत दोघांची पुस्तके एकमेकांत मिसळलेली दिसतात. जन्मवर्ष टाकल्याशिवाय जोन्स यांची ओळ पक्की करायची नाही.

विल्यम हंटर हे नाव तर उपद्रवी आहे. आपले हंटर कंपनीचे सर्जन, सोसायटीचे कार्यवाह, उज्जैन वगैरे ठिकाणच्या सवाई जयसिंहाच्या वेधशाळांचे वर्णन करणारे, १८१२ ला जावात वारलेले. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर १७८३ लाच गेले होते. गॅझेटियरवाले विल्यम विल्सन हंटर तर १८४० मध्ये जन्मले.

विल्सनही दोन: कलकत्त्याचे होरेस हेमन विल्सन कार्यवाह, मुंबईचे रेव्हरंड जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर आहे, ते मुंबई शाखेचे अध्यक्ष. मराठी लेखनात 'एशियाटिक सोसायटीचे विल्सन' असा मोघम उल्लेख आला तर संदर्भ संस्कृत नाटक-कोशाचा आहे की लेणी-मिशनचा, एवढे पाहिले की उलगडा होतो.

ब्लॅनफर्ड बंधू, विल्यम आणि हेन्री. दोघेही १८५५ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल, दोघेही पुढे सोसायटीचे अध्यक्ष. हेन्री हवामानशास्त्राकडे वळले. आद्याक्षर गळलेली 'ब्लॅनफर्ड' ही नोंद तोवर भरायची नाही जोवर खाते कळत नाही. प्रिन्सेप बंधूंचीही तीच गत. जेम्स यांच्याबरोबर हेन्री थोबी हेही त्याच शहरात, सरकारी कचेरीत.

३० जानेवारी

अध्यक्षांचा रकाना भरत आला. 'मूळ नोकरी' रकान्यावर क्रम लावला आणि चित्र एकदम स्पष्ट झाले. जोन्स, चेंबर्स, ॲन्स्ट्रदर, पुढे ग्रे, रायन, कॉल्व्हिल: सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, बहुतेक सरन्यायाधीश. शोर आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज: गव्हर्नर जनरल. मधे कोलब्रुक हे वेगळे. संस्कृत आणि गणित दोन्ही येणारा मुलकी अधिकारी. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या बीजगणिताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८१७ ला निघाले. १८१५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि आठ वर्षांनी लंडनची सोसायटी त्यांनीच उभी केली.

न्यायाधीशच का? एक तर त्यांची बदली होत नसे. लष्करी आणि जिल्ह्याचे अधिकारी आज कलकत्त्यात, उद्या बनारसला. दुसरे म्हणजे सुरुवातीची बैठकच कोर्टाच्या दालनात. तिसरे, पगार. कंपनीच्या राज्यात वादापासून थोडे लांब राहून वजन टिकवणारे पद म्हणजे कोर्टाचे. गव्हर्नर जनरलांना खुर्ची देण्यामागचा हिशेब उघड आहे: संस्थेला जागा, छपाई आणि टपाल यांसाठी सरकारची गरज होती. पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जमीन सरकारने १८०५ ला दिली, इमारत १८०८ ला उभी राहिली.

जोन्स यांच्या हयातीत नियमच जवळपास नव्हते. वर्गणी ठरली ती १७९६ मध्ये: प्रवेशाला दोन सोन्याच्या मोहरा आणि दर तिमाहीला एक. तोवर अध्यक्ष म्हणजेच संस्था असा प्रकार, आणि म्हणूनच जोन्स गेल्यावर तिची पंचाईत झाली. हा मुद्दा टीप म्हणून अध्यक्षांच्या ओळीत नको, संस्थेच्या ओळीत टाकला.

२ फेब्रुवारी

कार्यवाहांचा रकाना. खरे मोल इथे आहे.

पहिले कार्यवाह जॉर्ज हिलारो बार्लो (१७८४). पुढे बरीच नावे, मुदती तुटक. विल्यम हंटर यांच्यापासून कामाला सलगपणा येतो. १८११ मध्ये इंग्रजांची जावावर मोहीम निघाली, हंटर तिकडे गेले आणि कार्यवाहपद होरेस हेमन विल्सन यांच्याकडे आले. ते १८३२ पर्यंत, मधली रजा वगळता, त्यांच्याकडेच. त्या वर्षी ऑक्सफर्डच्या संस्कृतच्या बोडेन अध्यासनावर त्यांची निवड झाली, १८३३ च्या सुरुवातीला त्यांनी कलकत्ता सोडले. कार्यवाहपद जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे.

टांकसाळीचा धागा इथे जोडला. विल्सन कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांचा कस पाहणारे प्रमुख अधिकारी, प्रिन्सेप त्यांचे दुय्यम. विल्सन गेले तेव्हा टांकसाळीतले पद आणि सोसायटीतले पद अशी दोन्ही प्रिन्सेप यांच्याकडे आली. विल्सन यांच्या आधी टांकसाळीत जॉन लेडन होते, तेही बहुभाषी विद्वान, तेही जावाच्या मोहिमेवर गेले आणि ऑगस्ट १८११ मध्ये तिथेच वारले. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे हे नाही. कस पाहण्याच्या कामाला रसायन आणि तराजूचा हात लागतो, अधिकारी कायम कलकत्त्यात असतो, आणि देशभरातली जुनी नाणी त्याच्याकडे येतात. प्रिन्सेप यांना इंडो-ग्रीक नाणी आणि मग ब्राह्मी अक्षरे वाचता आली, त्यामागे ही खुर्ची आहे. ब्राह्मीचा उलगडा १८३७ चा. १८३८ मध्ये प्रकृती ढासळून ते मायदेशी निघाले, २२ एप्रिल १८४० रोजी लंडनला वारले. शेवटाचे कारण 'मायदेशी परत', 'मृत्यू' नव्हे. दीड वर्षाचा फरक आहे.

प्रिन्सेप यांच्या काळात अध्यक्ष होते सर एडवर्ड रायन. अध्यक्षांच्या यादीवरून १८३७ चा इतिहास लिहिला तर ब्राह्मी रायन यांच्या कारकिर्दीत वाचली गेली असे वाक्य पडते. ते खोटे नाही, पण असे वाक्य तक्त्याच्या प्रस्तावनेत येऊ नये.

मासिक जर्नलचीही नोंद कार्यवाहांच्या बाजूला. हर्बर्ट यांनी १८२९ ला सुरू केलेल्या 'ग्लीनिंग्ज इन सायन्स' या मासिकाचे काम प्रिन्सेप यांनी हाती घेतले आणि १८३२ पासून ते सोसायटीच्या नावाने निघू लागले.

६ फेब्रुवारी

१७८४ च्या भाषणात जोन्स यांनी देशी विद्वानांना सभासद करायचे की नाही हा प्रश्न पुढे ठरवा म्हणून सोडून दिला होता. तो ठरायला ४५ वर्षे गेली. ७ जानेवारी १८२९ रोजी, विल्सन यांच्या पुढाकाराने, पहिले भारतीय सभासद निवडले गेले: प्रसन्नकुमार टागोर, द्वारकानाथ टागोर, रसमय दत्त, रामकमल सेन हे त्यांतले.

रामकमल सेन यांच्यासाठी नवी ओळ-जात करावी लागली: 'देशी कार्यवाह'. हे पद अध्यक्षांच्या किंवा मुख्य कार्यवाहांच्या छापील यादीत येत नाही. सेन १८०४ मध्ये हंटर यांच्या हिंदुस्थानी छापखान्यात खिळे जुळवायला लागले. त्याच हंटर यांच्यामागून ते सोसायटीत आले, कारकुनीपासून वर चढले. सभासद होण्याच्या आधीची त्यांची वर्षे कोणत्याही पदाधिकारी-यादीत दिसत नाहीत. तक्त्यात पगारी नोकरवर्गाचा रकाना नसता तर ती कायमची गळली असती.

म्हणून हद्दीत बदल: पाचवे पद, 'पगारी कर्मचारी', फक्त ज्यांच्या नेमणुकीची नोंद सापडते त्यांच्यासाठी.

९ फेब्रुवारी

क्युरेटर. २ फेब्रुवारी १८१४ च्या पत्राने नॅथानिएल वॉलिक यांनी सोसायटीला संग्रहालय काढण्याची सूचना केली आणि स्वतःकडचे नमुने देऊ केले. वॉलिक डॅनिश सर्जन, बंगालमधल्या श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीतले. इंग्रजांनी ती वसाहत घेतली तेव्हा कैद झालेले. सोसायटीने त्यांनाच मानद क्युरेटर केले. विनावेतन काम असल्याने पुढे सातत्य राहिले नाही.

पगारी क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ, १८४१ ते १८६२. एकवीस वर्षे, तुटपुंज्या पगारावर. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या याद्या, डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार, जर्नलमधले दर महिन्याचे अहवाल. याच २१ वर्षांत खुर्चीवर अनेक अध्यक्ष येऊन गेले. १८६६ च्या कायद्याने संग्रह सरकारी इंडियन म्युझियमकडे वर्ग झाला. क्युरेटरची ओळ तिथे थांबते. तिला पुढे इंडियन म्युझियमच्या अधीक्षकांशी जोडण्याचा मोह होतो, पण संस्था वेगळी आहे. फक्त 'पुढे पाहा' अशी खूण केली.

१३ फेब्रुवारी

१८५० नंतरचे अध्यक्ष. आता रकान्यात शास्त्रज्ञ दिसू लागतात: थॉमस ओल्डहॅम (चार वेळा अध्यक्ष, म्हणजे एका क्रमांकाला अनेक ओळी), ब्लॅनफर्ड बंधू, पुढे थॉमस हॉलंड. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून, हवामान खाते १८७५ पासून, दोन्हींची मुख्य कचेरी कलकत्त्यात. खुर्ची अजूनही पदावरूनच मिळते. कोर्टाऐवजी आता खाते.

निवड दरवर्षी, वर्षारंभीच्या वार्षिक सभेत. मावळत्या अध्यक्षांचे भाषण त्याच सभेत होते, म्हणून १८८४ च्या अध्यक्षांचे भाषण १८८५ च्या इतिवृत्तात छापलेले असते. भाषणाच्या वर्षावरून कारकीर्द ठरवली तर सगळी यादी एक वर्ष पुढे सरकते. मिळालेल्या दोन याद्यांमध्ये सलग एकेका वर्षाचा फरक दिसला तर आधी हीच शंका घ्यावी.

१६ फेब्रुवारी

राजेंद्रलाल मित्र. १८८५ मध्ये अध्यक्ष, सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष. ही ओळ सगळीकडे मिळते. आपल्या तक्त्यात त्यांच्या क्रमांकाची सुरुवात मात्र १८४६ ला होते: साहाय्यक कार्यवाह आणि ग्रंथपाल. मग कार्यवाह, उपाध्यक्ष, शेवटी अध्यक्ष. पगारी टेबलापासून खुर्चीपर्यंत ३९ वर्षे, आणि तोवरच्या एकाही अध्यक्षाने हा रस्ता चाललेला नाही. शतकपूर्तीच्या समालोचन ग्रंथातला संस्थेच्या इतिहासाचा भागही त्यांनीच लिहिला. म्हणजे १७८४ ते १८८३ च्या पदाधिकाऱ्यांसाठी आपण ज्या याद्यांवर टेकतो त्यांच्यामागे त्यांचेच हात आहेत. नाव 'मित्र' असेच ठेवले, इंग्रजीवरून आलेले 'मित्रा' शोधयादीत.

मुंबई शाखेत पहिले भारतीय अध्यक्ष काशिनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२. तुलनेच्या टिपेत टाकले, मुख्य तक्त्यात नाही. तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश होते. खुर्चीची जुनी सवय मुंबईतही दिसते.

आशुतोष मुखर्जी दोन वेळा, १९०७ ते १९०९ आणि १९२१ ते १९२३. नोकरीच्या रकान्यात 'न्यायाधीश', अभ्यासाच्या रकान्यात 'गणित'. आधी एकच रकाना होता, मुखर्जी यांच्यामुळे तो दोन करावा लागला, आणि मग जोन्स व कोलब्रुक यांच्या ओळीही नीट बसल्या. मधे हरप्रसाद शास्त्री. पुढे काळा आजारावरच्या औषधाचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी.

१८ फेब्रुवारी

संस्थेच्या नावाच्या ओळी. 'एशियाटिक सोसायटी ऑफ बंगाल' १८३२ पासून, 'रॉयल' हे बिरूद १९३६ पासून, १९५१ मध्ये पुन्हा नुसते 'एशियाटिक सोसायटी'. जोन्स यांना 'बंगाल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष' म्हणणे कालविपर्यास आहे. तक्त्यात नाव संस्था-क्रमांकावरून आपोआप येते, त्या वर्षीचे.

२० फेब्रुवारी

तपासण्या चालवल्या. एक: एकाच दिवशी दोन अध्यक्ष असतील तर लाल. दोन: कोणाच्याही मृत्यूनंतरची सुरुवात लाल. तीन: गव्हर्नर जनरल आणि सरन्यायाधीश यांच्या सरकारी मुदतीबाहेर पडणारी ओळ पिवळी, चूक असेलच असे नाही, पण पुरावा पुन्हा पाहायचा. चार: १८०० पूर्वीची गुरुवार नसलेली सभा पिवळी. पाच: ओळींची बेरीज आणि व्यक्ती-क्रमांकांची बेरीज वेगळी छापायची. 'सोसायटीचे किती अध्यक्ष झाले' या प्रश्नाला ओल्डहॅम आणि मुखर्जी यांच्यामुळे दोन उत्तरे आहेत.

कार्यवाहांना पहिली तपासणी लावता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्यवाहपदच फुटले: भाषाविषयक वेगळा, निसर्गविज्ञानाचा वेगळा, खजिनदार वेगळा. हेन्री ब्लॉखमन १८६८ पासून भाषाविषयक कार्यवाह. एकाच दिवशी दोन-तीन कार्यवाह असणे त्या काळात बरोबरच आहे, म्हणून 'विभाग' हा रकाना वाढवला आणि तपासणी पद अधिक विभाग यांवर लावली.

छपाईचा मसुदा आडव्या पट्ट्यांचा: वर अध्यक्ष, खाली कार्यवाह, त्याखाली क्युरेटर आणि पगारी कर्मचारी, डावीकडून उजवीकडे साल. कागद आडवा धरला तरी १६३ वर्षे एका पानावर बसत नाहीत. १८३२ आणि १८८५ ला पान तोडले. पुढचे काम १८६५ ते १९०४ च्या इतिवृत्तांतून विभागवार कार्यवाह भरणे, जानेवारी-फेब्रुवारीच्या अंकांपासून सुरुवात.